वरची बांधी

पुतण्या गजेंद्रला बढती मिळाली म्हणून सत्यनारायण होता. देवकाबाई गेली ती प्रसादापेक्षा विनवणीलाच. तलावाचं पाणी गजेंद्रच्या वरच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, तिच्या खालच्या बांधीत उतरायचं. आठ दिवसांपासून त्यानं मधली मोरी बुजवून टाकली होती, अन् तिचं नुकतं रोवलेलं धान पिवळं पडत चाललं होतं.

तो मात्र पाहुण्यांना आपलं कम्प्युटरवरचं काम सांगण्यात रंगला होता. "क्लस्टरमंदी, म्हंजे जोडलेल्या कम्प्युटरांत, प्रोग्रामचे हजार कंटेनर चालून राहतात. एक भरला का ट्रॅफिक आपोआप पुढच्याकडे जाते. शेवटचाबी उपाशी राहत नाही, असं नेटवर्क बनवतो मी."

देवकाबाईनं प्रसाद कपाळाला लावला.

 

"बाबू, माही बांधी तुह्या त्या कम्प्युटरात टाकून दे. तेथं तरी पानी भेटन तिले."