थांबलेलं निरांजन

"आजी, फिरवू नकोस ना!" जुई ओरडली, पण सासूबाईंची मीठमोहऱ्यांची मूठ तिच्याभोवती फिरलीच, आणि लेक माझ्या मांडीवर भडाभडा ओकली.

"बघ, केवढी दृष्ट लागलीय पोरीला!" सासूबाई म्हणाल्या.

दृष्ट कसली! सर्दीतापाच्या विषाणूनं तिच्या आतल्या कानाला, तोल सांभाळणाऱ्या भागालाच सूज आणली होती. "ओसरेल हळूहळू, पण तिला चालतं ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. जुई मात्र भिंत सोडायला तयार नव्हती. पंखा फिरताना दिसला तरी डोळे मिटायची. "आई, घर थांबव ना," म्हणायची. तेवढंच मला जमत नव्हतं.

वाढदिवसाला ती पाटावर बसली. सासूबाई औक्षणाचं तबक घेऊन पुढे आल्या आणि थबकल्या. ओवाळायचं म्हणजे फिरवणं आलंच. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तबक दोन्ही हातांनी घट्ट धरून तशाच उभ्या राहिल्या.

"नाही फिरवत गं बाई. बघ, निरांजनाची ज्योतसुद्धा हलत नाहीये."

जुईनं ज्योतीकडे नीट निरखून पाहिलं. मग पाटावरून उठली. "तू अशीच थांब हं आजी. मीच फिरते."

नव्या फ्रॉकचा घेर सावरत, कशालाही न धरता, ती आजीभोवती निघाली. मध्येच कलली, खुदकन हसली, पुन्हा चालू लागली. अख्खी फेरी पुरी केली.

"झालं ओवाळून!" ती म्हणाली.

भिंत धरून मी उभी होते.