कोपऱ्यातली टाइल

"बाकीच्या ठीक आहेत. पण ही बघा," म्हणत तिने पाइपाशेजारच्या टाइलवर चमच्याचा दांडा आपटला.

मिस्त्रींनी चपला बाथरूमच्या बाहेर काढल्या, ओणवे होऊन टाइलजवळ कान नेला आणि बोटाच्या पेराने ठोकलं. टक्. टक्. टक्.

"भरीव आहे, ताई."

"आता गप्प बसलीये ती. डॉक्टरसमोर गेलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं. शुक्रवारपासून ऐकतेय मी. टक् केलं की मागून डब् येतं."

रविवारी सकाळी फोन करून बोलावून घेतलं होतं मिस्त्रींना, तेही चार शब्द सुनावून.

तिचाही इलाज नव्हता. गेल्या वर्षी हॉलची फरशी ज्याने बसवली, त्याने टाइलच्या चार कोपऱ्यांना सिमेंटच्या मालाचे चार गोळे लावून, मधे पोकळ ठेवून वेळ मारून नेली होती. सहा महिन्यांत टाइल्स फुगल्या आणि एका दुपारी फाडकन आवाज होऊन दोन उभ्याच राहिल्या. बाथरूममधली जुनी टाइल तर सासूबाईंच्या पायाखालीच कलली. कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या उद्या घरी येणार होत्या. त्यांच्यासाठीच ही नवी फरशी, भिंतीला धरायला दांडे, सगळं नव्याने केलं होतं. नवऱ्याने दवाखान्याची बाजू घेतली होती, घराची तिच्याकडे होती. सासूबाई पुन्हा पडल्या, तर स्वतःला तोंड कसं दाखवणार होती ती?

म्हणून शुक्रवारी काम संपल्यावर दुपारी चमचा घेऊन ती जमिनीवर बसली आणि एकेक टाइल वाजवून पाहिली. सगळ्या पास झाल्या. नापास झाली ती एकटी कोपऱ्यातली. शनिवारी सकाळी पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. संध्याकाळी तर डोकं फिरून तिने बराच वेळ ठोकलं. तेव्हा आवाज आणखी मोठा आला. आज सकाळी मात्र जरा बारीक होता.

"उखडून दाखवा मला," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझी खात्री पटायची नाही."

"उखडायची म्हणजे छिन्नी आली. खालचे काका पुन्हा वर येतील."

"येऊ देत."

खालच्या मजल्यावर घड्याळवाले काका एकटेच राहायचे. खिडकीशी टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करायचे. काम चालू होतं ते तीन आठवडे त्यांनी जीव नकोसा केला होता. हातोडा पडला की दहा मिनिटांत बेल वाजायची आणि दारात काका, डोळ्याला भिंग तसंच. टेबल हादरतं, राईएवढे स्क्रू उडतात, ते मी या वयात शोधायचे कसे? शुक्रवारी सकाळी तिचाही पारा चढला. "पुन्हा माझी बेल वाजवायची नाही," असं तोंडावर सांगून तिने दार लावून घेतलं.

"तेव्हापासून रुसून बसलेत," ती मिस्त्रींना म्हणाली. "दोन दिवस कसे शांत गेले."

मिस्त्रींनी पिशवीतून छिन्नी काढली. "माझ्या हातचं काम पोकळ निघालं, तर सगळी बाथरूम पुन्हा करून देईन. पण निघायचं नाही."

टाइल सहजासहजी सुटेना. सांधे खरवडून झाले, कडेने घाव घातले, तेव्हा कुठे ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत माल होता. दातेरी थापीच्या रेघा दाबून एकजीव झालेल्या. बोट घालायला जागा नाही.

मिस्त्रींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिचे कान तापले.

"मग आवाज कशाचा?"

"पोकळ टाइल ठोक्याबरोबरच बोलते, ताई. तुम्ही म्हणालात मागून येतो. किती मागून?"

ती आठवू लागली. चमचा वर उचलायची, मग...

डब्.

दोघांनीही खाली पाहिलं. हातोडा मिस्त्रींच्या गुडघ्याजवळ आडवा पडला होता. चमचा तिच्या पदरात होता. कुणी ठोकलं नव्हतं.

मिस्त्रींनी पाइपावर तळहात ठेवला. पुन्हा डब्. मग हात तसाच ठेवून त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मालासारखा राखाडी झाला होता.

"हे खालून येतंय."

जिना ती कशी उतरली, तिला कळलं नाही. बेल वाजवली, दार बडवलं, हाका मारल्या. शेवटी मिस्त्रींनी त्याच छिन्नीने कडी तोडली.

काका बाथरूममध्ये पडले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. एक हात नळापर्यंत पोचत होता, त्याच्या पाण्यावर त्यांनी दोन दिवस काढले होते. दुसऱ्या हातात पत्र्याचा मग, त्याची कड पाइपावर आपटून आपटून चेपलेली. अंगावर शुक्रवारचाच सदरा होता.

मिस्त्री बाहेर जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन करू लागले. ती ओल्या फरशीवर बसली, काकांचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"काका, मला माफ करा. मला खरंच कळलं नाही हो."

काकांनी डोळे उघडले. तिला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मग सुकलेल्या ओठांनी ते चक्क हसले.

"कळलं नाही कसं, पोरी? रोज वरून ठोकून सांगत होतीस की, धीर धरा, येतेय म्हणून. त्यावर तर तग धरला मी."