गवतातलं घर

लेकिशोन रोज परक्या पाहुण्यांना सेरेंगेटीच्या उद्यानात गाडीतून सिंह दाखवायचा. आज पहिल्यांदाच मागच्या सीटवर आई बसली होती, मांडीवर दुधाचा तुंबा घेऊन. वायरलेसवर सिंह दिसल्याची बातमी आली आणि सगळ्या गाड्या धुरळा उडवत सुटल्या. “चल, तुलाही दाखवतो.” “सिंहाचं काय कौतुक? मेला आमच्या गोठ्यातच यायचा! तू गाडी इथंच थांबव.” सुकलेल्या माळावर हिरव्यागार गवताचं मोठं वर्तुळ होतं; हरणं तिथंच चरत होती. “इथं आपली वस्ती होती. माती गुरांचं शेण अजून विसरली नाही. उद्यान झालं नि आम्हाला उठवलं.” ती दाराकडे सरकली. “उतरू नकोस, आई. इथं गाडीतून उतरायला बंदी आहे, नोकरी जाईल माझी.” ती थबकली. मग खिडकीतून हात काढून तिने आशीर्वादाच्या रीतीप्रमाणे आपल्या घरावर दूध शिंपडलं. हरणांनी माना वर केल्या. “बघ,” ती म्हणाली, “विचारताहेत, ही पाहुणी कोण?”