उघडी बाजू

नगरच्या कॅम्पातल्या हॉकी संघाचे फुलबॅक दस्तगीरभाई म्हणजे भिंतच. दहा वर्षांत मला त्यांच्यासमोर एकही गोल मारता आला नव्हता. उभे राहताना ते आपल्या डाव्या हाताला बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी सोडत. त्यात काहीतरी डाव असणार, असं धरून आम्ही फॉरवर्ड त्यांच्या उजवीकडूनच घुसायचो आणि त्यांच्या स्टिकवर बॉल गमावून परतायचो. अठ्ठेचाळीस साली त्यांनी खेळणं सोडलं आणि श्रीरामपूरच्या आमच्या संघानं त्यांना पगारी कोच म्हणून आणलं. पहिल्याच सकाळी गोलपुढे उभं राहून त्यांनी सगळ्यांदेखत मला हाक मारली, “सूर्यभान, बॉल घेऊन ये. माझ्या डावीकडनं.” मी बिचकतच गेलो. ते वळायला गेले, पण डावा गुडघा वळलाच नाही आणि भिंत मुरमावर आडवी झाली. बॉल गोलात गेला. टाळी मात्र कोणी वाजवली नाही. “पैल्यापासनं असाच हाय गुडघा,” खालीच बसून ते म्हणाले. “बाजू झाकली असती, तर तुमाला वास लागला असता. म्हनून सताड उघडी ठेवली.” मी न राहवून विचारलं, “मग आज का दाखवलीत, दस्तगीरभाई? सगळीकडे बोभाटा होईल.” “होऊ दे. इतकी वर्षं तुमाला अडवायचं हुतं, आता पुढं धाडायचंय.” स्टिकच्या आधारानं ते उठले, तिच्याच टोकानं आपल्या डाव्या पायाजवळून थेट गोलापर्यंत रेघ ओढली आणि पुन्हा तिथंच उभे राहिले. “चला, आता दुसरा कोन येतो?”