वाडगाभर ऊब

जुलैच्या भर उन्हाळ्यात हेरिननं घराची जमीन तापवणारा बॉयलर लावला आणि रजई लपेटून बसली. “बये, बाहेर कुत्री जीभ काढून पडलीत!” आई घाम पुसत ओरडली. “गाणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात, थंडी वाजतेय म्हणजे चरबी जळतेय. आणखी दोन किलो उतरले की गाण्याच्या ग्रुपमध्ये घेतील.” “मग त्या मॅडमची जाळ की आधी!” लेकीचा वाढदिवस म्हणून आईनं रिवाजाप्रमाणे समुद्रशेवाळाचं सूप केलं होतं, हेरिनच्या जन्मानंतर तिनं स्वतः हेच प्यायलं होतं. हेरिननं वाडगा निळ्या बोटांत धरून ठेवला. “आई, गार झालं. गरम कर ना.” पोरगी खातेय म्हणून आई हरखली, पण वाडगा काठोकाठ होता. दुसऱ्यांदाही तसाच परत आला. मग आईनं सूप सिंकमध्ये ओतलं आणि वाडगाभर नुसतं पाणी उकळून दिलं. “हे छान,” हेरिन म्हणाली, “याला वासच नाही.”