भिंगाची टोपी

दत्तरावांनी लाकडी कॅमेरा उभा केला तेव्हा पारासमोरच्या खुर्च्या भरून गेल्या होत्या. मधल्या खुर्चीत व्यंकटराव, दोन्ही बाजूंना गावातली वजनदार मंडळी, आणि कडेला अंग चोरून उभी बौद्धवाड्यातली माणसं. हा शांतता समितीचा फोटो होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर बोरीकडच्या या गावात बौद्धवाडा पेटवला गेला होता. गावात सगळं गुण्यागोविंदानं चाललंय, असा फोटो परभणीच्या साहेबांकडे पोचला की पोलिसांचा तंबू उठणार होता. तंबू उठल्यावर काय, हे कडेला उभ्या माणसांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दत्तराव जिंतूरचे फोटोवाले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. काम उरकावं आणि उजेडी घरी जावं, एवढाच त्यांचा विचार होता.

टोकाला कडूबाई उभी होती. आपलं पेटलेलं घर विझवताना तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. व्यंकटरावांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "दत्तराव, त्या बाईला हातावर पदर घ्यायला लावा. फोटोत बरं दिसत न्हाई."

लावायची वेळच आली नाही. कडूबाईनं आपणच पदर ओढून घेतला. दत्तरावांना ते लागलं. आपल्यालाही राग येतो हे ते बऱ्याच वर्षांत विसरून गेले होते.

त्यांनी कॅमेऱ्याची नवी काच काढली आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं पितळी भिंग काढून बसवलं. निजामाच्या राजवटीतलं, वडिलांचं. नव्या काचेला बटन होतं, दाबलं की झालं. याला नुसती टोपी. हातानं काढायची, मोजायचं, हातानं लावायची. वडील म्हणायचे, नवी काच डोळा मारते, ही टक लावून बघते. इतकी वर्षं दत्तरावांना तो या भिंगाचा दोष वाटत आला होता. त्याच्याकडून काय काढून घेता येईल हे आज पहिल्यांदा सुचलं.

ते बोलले सगळ्यांना, बघत मात्र कडूबाईकडे होते. "टोपी काढल्यापासून लावूस्तोर कुनी हलू नका. जे हाललं ते पुसून जातं. हाललं न्हाई, तेवढंच उमटतं."

काळ्या फडक्याखाली शिरून त्यांनी एकदा सगळं नीट पाहिलं. बाहेर येऊन भिंगाला टोपी लावली, फिल्म सरकवली. टोपी काढली.

कडूबाईनं पदर सारला. हात पुढं धरला आणि तशीच थांबली.

दत्तराव मनात मोजत होते. व्यंकटराव समोर बघत बसलेले, त्यांना काही दिसलं नाही. खुर्चीमागं उभ्या असलेल्या त्यांच्या गड्याला, लिंबाजीला, दिसलं. तो वाकून कानाशी लागला, "मालक, तिनं पदर काढला." व्यंकटरावांची मान गर्रकन तिच्याकडे वळली. एरवी एव्हाना टोपी बसली असती. दत्तराव मोजतच राहिले.

"दुसरा काढा," टोपी लागताच व्यंकटराव म्हणाले.

"फिल्म एकच व्हती," दत्तरावांनी सांगितलं आणि फिल्मांची पिशवी पायानंच मागं सारली.

व्यंकटराव उठून अगदी जवळ आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मी हाललो का?"

"ते भिंगाला ठावं. मी तं मोजायलो व्हतो."

लिंबाजी खुर्च्या उचलू लागला. माणसं पांगली. टोपी बसली हे कडूबाईला कुणी सांगितलं नव्हतं. भाजलेला हात पुढं धरून ती अजून तशीच उभी होती.