वगळायचा पदार्थ

आरोग्यकेंद्रातल्या आहारयंत्राने राहीच्या ताटातून आधी बोंबील काढले, मग शेंगदाणे, मग दूध. आज अंडंही गेलं. तरी सहा वर्षांच्या त्या पोरीच्या छातीतली घरघर काही थांबेना.

“यंत्र चुकत नाही, हर्षलाताई,” तिथल्या तोरणेबाई म्हणाल्या. “रक्तातला दाह वाढलाय, म्हणजे खाण्यातलंच काहीतरी बाधतंय. चोरून मासळी देत असाल.”

राहीच्या आईचं टाळकंच सरकलं. “कोळ्याच्या घरात वर्षभर पोरीला मासळी दिली नाही मी! अंडंही गेल्यावर नुसती पेज उरलीय. आता पेजही काढू?”

तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, उघडला आणि यंत्राच्या खणात ठेवला.

“यात तर जेवणच नाही,” बाई म्हणाल्या.

“काल दिवसभर सुकट वाळवायच्या ओट्यावर उघडा ठेवला होता. ती वीजकेंद्राची चिमणी उभी राहिल्यापासून सुकट दोनदा झाडल्याशिवाय विकता येत नाही आम्हाला. माशावर बसतं ते पोरीच्या छातीत बसत नसेल? बघू दे तुमच्या यंत्राला!”

डब्याच्या तळाशी करडा थर होता. यंत्र गुरगुरलं आणि त्याचा लाल दिवा लागला. बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

“वाचा ना मोठ्याने.”

बाई वाचू लागल्या. “कोळशाची राख. दाहाचं मुख्य कारण. हा पदार्थ मुलीच्या आहारातून आजपासून वगळावा.”

“वगळते की,” हर्षला म्हणाली. “श्वास किती वाजल्यापासून बंद करायचा, तेवढं विचारा त्याला.”